घागर बघून तहान

पिंपळदरीचे सरपंच आप्पासाहेब इंगवले यांना कान दोन होते, पण ते माणूस बघून उघडत. मणेर गल्लीतले शकूरभाई बोलायला उठले की दोन्ही बंद.

त्या वर्षी गावातली पोरं जुलाबाने बेजार झाली. शकूरभाईंनी ग्रामसभेत सांगितलं, "गुरांचा हौद विहिरीच्या वरच्या अंगाला आहे. घाण झिरपून विहिरीत उतरते. हौद खाली हलवा."

"त्या गल्लीने आम्हाला मतं दिली नाहीत, आता अक्कल देतायत," आप्पासाहेब म्हणाले. सभा हसली. शकूरभाई मान खाली घालून बसले.

पुढच्या सभेत आप्पासाहेबांच्या चुलती जनाकाकू उठल्या. "एका जाणत्या माणसाचं म्हणणं आहे," असं म्हणून त्यांनी हौदाचं सगळं सांगितलं. शकूरभाईंनी चमकून वर पाहिलं. शब्दन् शब्द त्यांचा होता, पण ऐकलाच नव्हता कुणी, तर ओळखणार कोण?

आप्पासाहेबांनी मांडीवर थाप मारली. "याला म्हणतात डोकं. हौद उद्याच हलवू. कोण हा माणूस? त्याचा सत्कार करू."

"तो काय, मागे बसलाय. शकूरभाई."

आप्पासाहेब पुटपुटले, "मग हे आधी का नाही..."

"आधीच सांगितलं होतं त्यांनी. पाणी तेच होतं आप्पा, तू घागर बघून तहान ठरवलीस."

हौद हलला, सत्कारही झाला. आप्पासाहेबांच्या हातचा नारळ घेऊन शकूरभाई थेट काकूंच्या दारात आले. "काकू, तुमचे उपकार कसे फेडू?"

"उपकार कसले? तुमचे शब्द उसने घेतले होते, चारचौघांत परत केले."