ताडावरची पहिल्या नंबरची शाळा

फार पूर्वी पाखरांची पोरं शाळेत जात आणि शाळांचे नंबर माकडं लावत. झाड जितकं उंच तितके गुण जास्त, आणि दारातून जितकी पोरं हाकलावीत तितका मान मोठा. आत काय शिकवतात, हे बघायला माकडांना सवड कुठली!

डोहाकाठच्या खंड्याच्या आईनं नंबर ऐकले आणि ठरवूनच टाकलं. लेक जाईल तर पहिल्या नंबरच्याच शाळेत, माळावरच्या ताडावर!

"वहिनी, पोराला मासे धरायचेत ना? तिथं पाणी आहे का?" शेजारच्या कासवानं विचारलं.

"भावोजी, पहिला नंबर आहे तो! पाणी कसलं विचारताय?" तिनं चोच मुरडली.

वर्षानं लेक परतला. झावळीवर ऐटीत डुलावं कसं आणि खालच्यांकडे तुच्छतेनं बघावं कसं, यात तो तरबेज झाला होता.

"मार बघू सूर!" आई कौतुकानं म्हणाली. सगळा डोह बघायला जमला. लेकानं सूर मारला, तो थेट काठावरच्या चिखलात.

कासवानं त्याला बाहेर ढकललं. आईनं स्वतःच मासा धरला आणि त्या थोराड लेकाच्या चोचीत कोंबला.

तेवढ्यात बगळी पिल्लाला घेऊन आली. "ताई, याला कुठल्या शाळेत घालू हो?"

खंड्याच्या आईनं लेकाच्या तोंडावरचा चिखल घाईघाईनं पुसला आणि मान ताठ केली.

"ताडावरच घाला. पहिला नंबर आहे!"