गादीने न सांगितलेली कथा

डोंगर आणि नदी यांच्या मधे पूर्वी एक नगर वसलेलं होतं. तिथले लोक आपला प्रमुख आपणच निवडत. नगर सुखी होतं, पण तिथे एक जुनी रीत होती. नवा प्रमुख गादीवर बसला, की त्याने सगळ्यांसमोर जगाची सुरुवात कशी झाली ते सांगायचं. तो जे सांगेल तेच पुढे नगराचं खरं. शाळेत मुलांनी तेच पाठ म्हणायचं.

आजवरचे सगळे प्रमुख डोंगराकडच्या वस्तीतले होते. त्यांच्या कथेत अग्निदेवाने फुंकर घातली आणि डोंगर उभे राहिले. नदीकाठच्या लोकांची कथा निराळी होती. त्यांच्या मते आधी नुसतं पाणी होतं आणि नदीमाईने ओंजळीतून जमीन वर काढली. पण ही कथा ते दार लावून, हळू आवाजात सांगत.

येसबा हे नदीकाठचे म्हातारे कथेकरी. लहानपणी त्यांनी शाळेत नदीमाईची कथा सांगितली, म्हणून सगळ्या मुलांसमोर त्यांच्या तळहातांवर छड्या बसल्या होत्या. त्यानंतर त्यांनी ती चारचौघांत कधी सांगितली नाही.

त्या वर्षी नगराने त्यांच्या मुलीला, सगुणाला, प्रमुख निवडलं. नदीकाठचं माणूस पहिल्यांदाच गादीवर बसणार होतं. आदल्या संध्याकाळी येसबा लेकीपाशी बसले.

"पोरी, उद्या आपली कथा सांग. अगदी मोठ्याने सांग. माझे कान आसुसलेत."

सगुणा म्हणाली, "बाबा, कथा माझी आहे. तुम्हीच मला दिलीत. पण गादी सगळ्यांची आहे."

"ते काही मला सांगू नकोस," येसबा म्हणाले. "त्यांची गादी होती तेव्हा त्यांनी हा विचार केला होता का?"

 सगुणाने नुसता त्यांचा हात हातात घेतला.

दुसऱ्या दिवशी चौक माणसांनी फुलून गेला. सगुणाने डोक्याला मानाचं पागोटं बांधलं, ती गादीवर बसली आणि बोलू लागली.

"जग कसं झालं, हे ही गादी सांगणार नाही. आजही नाही आणि यापुढेही नाही. रस्ते नीट ठेवणं, पाणी सगळ्यांना पोचवणं, भांडण आलं तर न्याय करणं, ही गादीची कामं. जगाची सुरुवात ज्याने त्याने आपल्या देवळात शोधावी, आपल्या घरात सांगावी, नाहीतर दगडमाती तपासून पाहावी. कुणावर जबरदस्ती होणार नाही. कुणाचं तोंड बंद केलं जाणार नाही."

नदीकाठचे लोक कुजबुजू लागले, "आपलं माणूस वर बसलं आणि आपल्यालाच विसरलं." येसबा मान खाली घालून घरी गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत, लेकीशी बोललेही नाहीत.

सकाळी ते नावेच्या धक्क्यावर गेले, तर तिथे डोंगराकडचे कथेकरी दाजीबा दिसले. शेजारी गाठोडी आणि हाताशी एक लहान नात.

"कुठे निघालात?" येसबांनी विचारलं.

"निघालो होतो," दाजीबा म्हणाले. "काल पहाटेच सामान इथे आणून ठेवलं होतं. तुमची कथा गादीवरून झाली असती, तर आम्ही पलीकडे जाणार होतो. आता हे घरी न्यायला आलोय."

"पण जायचं कशाला? कुणी काही म्हणालं का?"

दाजीबांनी खाली पाहिलं. "येसबा, शाळेत तुम्हाला छड्या बसल्या तेव्हा मी तिथेच होतो. छडी माझ्या वडिलांच्या हातात होती. आता पाळी आमच्या पोरांची, असं वाटलं."

येसबांनी त्या मुलीकडे पाहिलं. ती नदीत खडे टाकत होती. तिचे इवलेसे तळहात ओले आणि मऊ होते. लेकीकडे आपण काय मागत होतो, ते येसबांना तेव्हा कळलं.

त्यांनी खाली वाकून एक गाठोडं उचललं. "चला, मी येतो घरापर्यंत. आणि संध्याकाळी घाटावर या. मी कथा सांगणार आहे. पटलीच पाहिजे असं नाही."

संध्याकाळी येसबा घाटाच्या पायरीवर बसले आणि त्यांनी त्या छड्यांनंतर पहिल्यांदा नदीमाईची कथा मोकळ्या आवाजात सांगितली. नदीकाठचे लोक आले, डोंगराकडचेही आले. शाळेचे पंतोजी एक दगड घेऊन आले. दगडात शिंपला रुतलेला होता. "इथे कधीतरी समुद्र असावा," ते म्हणाले. "त्याआधीचं मला ठाऊक नाही. शोधतो आहे." इतकी वर्षं तो दगड त्यांनी पेटीत लपवून ठेवला होता. दाजीबा म्हणाले, "आमच्यात आधी आग येते. उद्या माझी ऐका."

सगुणाही आली. पागोटं घरी ठेवून ती मातीवर मांडी घालून बसली. एक जण उठून म्हणाला, "प्रमुखच ऐकायला आल्या. म्हणजे हीच कथा खरी ठरली."

"इथे प्रमुख कुणी नाही," येसबा म्हणाले. "माझी मुलगी आली आहे." ते म्हणताना त्यांची छाती भरून आली. असा अभिमान त्यांना ती गादीवर बसली तेव्हाही वाटला नव्हता.

पुढे त्या नगराचा लौकिक दूरवर पसरला. वाटसरू यायचे आणि विचारायचे, "जगाची सुरुवात कशी झाली, याबद्दल तुमच्या नगराचं मत काय?"

तिथलं कुणीही ताठ मानेने सांगायचं, "नगराला मत नाही. मला आहे. शेजाऱ्याला वेगळं आहे. बसा, दोन्ही ऐकून जा."

तात्पर्य एवढंच: राज्यकर्त्याने श्रद्धा मनात जपावी, पण सत्तेच्या तोंडून ती बोलू नये. सत्ता कुणा एकाची बाजू घेत नाही, तिथेच प्रत्येकाला मोकळ्या आवाजात बोलता येतं.