पानावर आडवा हात

“एवढं पथ्य पाळूनही माझंच पोट का बिघडतं, महाराज?”

तापीकाठच्या मठात दुपारची पंगत बसली होती आणि सोमगिरी महाराज स्वतः वाढत होते. विचारणारा सुधन्वा पूर्वी वैद्यकीय महाविद्यालयात शिकवायचा. दीड वर्षापूर्वी तो मठात आला आणि आल्या आल्या त्याने तेल-तूप सोडलं. सोड म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. पण आपल्या उकडलेल्या भाजीकडे सगळी पंगत कौतुकाने बघते, हे गड्याला मनातून फार आवडायचं.

आता मात्र गाडं अडलं होतं. एकांतवासासाठी डोंगरावर कुणाला पाठवायचं, ते महाराज आज ठरवणार होते. महिन्यातून दोनदा अंथरूण धरणाऱ्याला कोण पाठवील? आणि सुधन्वाचा जीव तर त्या एकांतासाठी तळमळत होता.

“पोटाची राखण कोण करतं रे?” महाराजांनी विचारलं.

हा तर त्याच्या घरचा विषय. तो सावरून बसला.

“रोगाशी लढणाऱ्या पेशी. निम्म्याहून जास्त आतड्यातच असतात.”

“त्यांना आतड्याची वाट कोण दाखवतं?”

“अ जीवनसत्त्व. ते कमी पडलं, तर पेशी तयार होतात, पण आतड्यापर्यंत नीट पोचत नाहीत.”

“आणि ते येतं कुठून?”

“हे काय, पानातच आहे! शेवग्याचा पाला, गाजर. मी रोज खातो.”

“छान.”

महाराजांनी तेलाची बुधली उचलली. सवयीप्रमाणे सुधन्वाने पानावर हात आडवा धरला.

महाराज थांबले नाहीत. तेलाची धार सरळ त्याच्या हातावर पडली आणि मनगटावरून जमिनीवर ओघळली. पाला कोरडाच राहिला.

“महाराज, माझं व्रत...”

“पाल्यातलं ते जीवनसत्त्व अंगी लागायला काय लागतं? मुलांना शिकवायचास ना?”

“शिकवायचो.”

“काय शिकवायचास?”

सुधन्वाचे कान तापले. शेजारचे दोघे जेवायचे थांबून बघत होते. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“...थोडं तेल लागतं.”

महाराजांच्या हातातली बुधली तशीच तिरपी होती.

“मग... डोंगरावर मला पाठवाल?” त्याने कसंबसं विचारलं. हात अजून पानावरच होता.

“आधी हात काढ.”