हातधरी गल्ली

जपून, पायरी आहे. या, सगळे इकडे सावलीत या.

सकाळपासून दगडी इमारती बघून माना दुखल्या असतील, आता जरा समोर बघा. ही गल्ली. पाटीवर नाव वेगळं आहे, पण मुंबईच्या या भागातले लोक हिला हातधरी गल्लीच म्हणतात. रुंदी जेमतेम सात पावलं, दोन्ही बाजूंना बांगड्यांची दुकानं. इथं कुणालाही पत्ता विचारा, तो बोटानं दाखवणार नाही. उठेल, पायात चपला सरकवेल आणि तुमच्याबरोबर चालू लागेल. असं का, ते माझ्या सासूबाई सांगायच्या तसं सांगते.

घोड्यांच्या ट्रामी नुकत्याच सुरू झाल्या होत्या, तेव्हाची गोष्ट म्हणे. गल्लीच्या तोंडाशी अंतोबा कासाराचं दुकान होतं. माणूस कामाला चोख, पण भारी खोडकर. नवखं कुणी पत्ता विचारायला आलं की तो मुद्दाम उलटी वाट दाखवायचा. बिचारा माणूस फिरून फिरून परत तिथंच आला की सगळी गल्ली पोट धरून हसायची. पुढं पुढं सगळ्याच दुकानदारांना हा चाळा लागला.

एके सकाळी डोक्यावर बोचकं घेतलेली एक म्हातारी दुकानापुढं थांबली. रेवसच्या होडीनं आली होती. म्हणाली, "बाबा, ठकूचं घर कुठं रे? रेवसची ठकू, कासारांकडे दिलेली."

गल्लीत कासारांची तीस घरं. ठकू नावाची बाई अंतोबानं कधी ऐकली नव्हती. त्यानं गंभीर चेहऱ्यानं बोट केलं. "ठकू होय? सरळ जा, मग डावीकडे, मग परत डावीकडे. पिंपळापाशी विचारा." म्हातारीनं त्याला तोंडभर आशीर्वाद दिला आणि ती निघाली. गल्ली हसली.

तासाभरानं शेजारची बाई धावत आली. अंतोबाच्या बायकोला, सगुणाला, कळा सुरू झाल्या होत्या. तो घरी पोचला तेव्हा त्याची आई लक्ष्मीबाई दारातच उभी होती. "मूल आडवं आहे," ती म्हणाली. "इथल्या सुइणीनं हात टेकले. पण घाबरू नकोस. मला भीती होतीच, म्हणून परवाच होडीच्या तांडेलाकडून माझ्या माहेरी निरोप धाडलाय. चांगुणा सुईण आजच्या होडीनं यायला हवी होती. कुठं राहिली कोण जाणे."

"माहेर म्हणजे रेवस ना?" अंतोबानं विचारलं. "आई, तुझं माहेरचं नाव काय?"

"ठकू. का रे?"

अंतोबा अनवाणीच धावत सुटला. गल्लीत येऊन ओरडला, "बोचकंवाली म्हातारी कुणी पाहिली का?" लोक खदखदून हसले. "वा अंतोबा, आज आमचीच फिरकी?" एकानं डावीकडे बोट केलं, दुसऱ्यानं उजवीकडे. तो दोन्हीकडे धावून आला आणि भर रस्त्यात मटकन बसून रडू लागला. तेव्हा कुठं लोकांच्या लक्षात आलं. असं सांगतात की, मग एकही माणूस दुकानात थांबला नाही. तीस कासार तीस वाटांनी पांगले.

म्हातारी अखेर अंतोबालाच सापडली. एका देवळाच्या पायरीवर सुजलेले पाय चोळत बसली होती. "उठा, आजी, मी वाट दाखवतो," तो म्हणाला.

"नको रे बाबा. सकाळपासून पाच जणांनी पाच बोटं दाखवली. आता हात धरून नेणारा भेटला तरच उठेन."

अंतोबानं बोचकं खांद्यावर घेतलं आणि तिचा हात धरला. चालता चालता त्यानं सगळं कबूल केलं. चांगुणानं डोळे बारीक करून त्याच्याकडे पाहिलं. "आवाज ओळखीचा वाटलाच," ती म्हणाली. "चल, आधी बाळाला बघते, मग तुला बघते."

उन्हं कलायच्या आत मुलगी झाली. सगुणाही सुखरूप होती. गल्लीत गूळ वाटला गेला. अंतोबानं साडीचोळी पुढं केली, तर चांगुणानं ती बाजूला सारली. "मला एकच दे. आजपासून या गल्लीत कुणी बोटानं वाट दाखवायची नाही. सोबत जायचं, निदान पुढच्या नाक्यापर्यंत." अंतोबानं मुलीच्या पाळण्याला हात लावून शब्द दिला आणि त्याच्यामागून एकेक करत तिसांनीही दिला. साडी मात्र लक्ष्मीबाईंनी तिला नेसवूनच पाठवली, आणि धक्क्यापर्यंत पोचवायला अख्खी गल्ली गेली म्हणे.

आजही हा शब्द पाळला जातो. दुकानदार वाट दाखवायला गेला की गिऱ्हाईकच त्याच्या गल्ल्यावर बसतं आणि आलेल्यांना बांगड्याही दाखवतं. मी स्वतः एकदा पाऊण तास बसले होते, चार डझन विकल्या. तेव्हा कुणाला स्टेशनची वाट विचारायची असेल तर खुशाल विचारा, पण हाताशी वेळ ठेवा. वाटेत सोबत येणाऱ्याच्या बहिणीचं घर लागतं, आणि चहा घेतल्याशिवाय ती कुणाला पुढं जाऊ देत नाही.