पिंगळीची मान

पाखरंही शाळेत बसायची त्या काळची गोष्ट. तळ्याकाठी बगळेगुरुजी अंतराचा धडा घेत.

"पिंगळे, तो नाकतोडा किती लांब आहे?"

चिमुकल्या पिंगळीने मान वरखाली, डावीउजवीकडे हलवली. घुबडांना तसंच अंतर कळतं.

"आधी मान स्थिर ठेव! मी बघ कसा उभा असतो."

ती घाबरून थिजली. "दहा... नाही, दोन हात?" वर्ग खिदळला. मग रोज धड्याला ती सगळ्यांच्या मागे लपून बसायची.

एकदा गवत सळसळलं. साप! भीतीने गुरुजींचेच पाय उचलेनात. "किती लांब आहे गं?"

पिंगळीची मान आपोआप हलली. "पाच हात, गुरुजी! उडा!"

सगळे फांदीवर पोचले. गुरुजी धापा टाकत म्हणाले, "बाळ, परत मान हलव. आता किती लांब आहे?"