टणक फोडी

एकदा एक वृद्ध बल्लवाचार्य आपल्या कोठीची किल्ली कोणाच्या स्वाधीन करावी, या विचारात होते. त्यांची खानावळ इटालियन जेवणासाठी गावभर नावाजलेली. पट्टशिष्याच्या हाताला चव होती, आणि खानावळ आपल्याकडेच येणार याविषयी त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. पंचाईत एकच होती. त्याचे कोणाशी पटत नसे. कांदा चिरणाऱ्या सगुणाबाई मीठ जास्त झाल्याचे बोलल्या, की स्वारीच्या नाकावर राग हजर!

एके सकाळी आचार्य म्हणाले, "आजचा सॉस तुझ्या हातचा. टोमॅटोचे डबेही तूच निवड. साधलं, तर किल्ली तुझी."

शिष्य भाजीवाल्याच्या घरातला. टोमॅटो दाबून पाहायचा आणि टणक तोच उचलायचा, ही त्याच्या बोटांची लहानपणापासूनची सवय. कोठीत इटलीहून आलेले दोन तऱ्हेचे डबे होते. त्याने दोन्ही फोडून पाहिले. एकात सोललेले अख्खे टोमॅटो आपल्याच रसात लोळत होते. बोट लावताच फुटले. दुसऱ्यात एकसारख्या चौकोनी फोडी, दाबल्या तरी हूं की चूं न करणाऱ्या.

"हा खरा माल!" म्हणत त्याने फोडी पातेल्यात ओतल्या.

आचार्यांनी मऊ टोमॅटो स्वतःकडे ओढले आणि दोन्ही हात घालून त्या महागड्या मालाचा पार चेंदामेंदा केला. शिष्याला वाटले, म्हाताऱ्याची बुद्धी फिरली की काय!

दोन्ही पातेली रटरटू लागली. आचार्यांच्या पातेल्यात तेल, लसूण, टोमॅटो हां हां म्हणता एकजीव झाले. शिष्य मात्र ढवळून ढवळून घामाघूम. फोडी जशाच्या तशा! जेवणारे येऊन बसले. आचार्यांचा सॉस वाढायला गेला, आणि शिष्याला रडू फुटायचे तेवढे बाकी राहिले.

"पण माल तर मी उत्तम निवडला होता!"

"उत्तमच आहे," आचार्य हसले. "या फोडी मोडू नयेत म्हणून त्यांत क्षार घालतात. भाजीत उठून दिसायला त्या छान. पण बाबा, सॉसमध्ये टोमॅटोनं आपला आकार सोडायचा असतो. तेव्हा कुठे लसणाचा वास त्याला लागतो, आणि त्याची गोडी तेलाला. तुझा हात मला फार आवडतो रे. तुझा टणकपणा तेवढा काही केल्या शिजत नाही."

शिष्याचे कान लाल झाले. किल्ली गेली, हे त्याला कळून चुकले, आणि वाईटही वाटले. तो पातेल्यातल्या त्या ऐटबाज फोडींकडे पाहत राहिला. मग त्याचे त्यालाच हसू आले. त्याने अख्ख्या टोमॅटोंचा नवा डबा फोडला, बाह्या सरसावल्या आणि टोमॅटो हातांनी कुस्करले. सॉस आळत आला, तेव्हा थोडा वाटीत घेऊन तो सगुणाबाईंपुढे उभा राहिला.

"बाई, जरा मीठ बघता का?"

बाईंनी आधी त्याच्याकडे पाहिले, मग चाखले. "थोडं जास्त झालंय."

"मग आता काय करू?" त्याने विचारले.

आचार्यांनी कमरेची किल्ली सोडली आणि त्याच्या पातेल्याशेजारी ठेवली.