तीस झाकलेली मडकी

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की मला सांगणाऱ्या आजीनंही ती तिच्या आजीच्या मांडीवर ऐकलेली. लहानांनी पुढं सरकून बसावं. मोठ्यांनी झोपेचं सोंग घेतलं तरी चालेल, कान उघडे ठेवा म्हणजे झालं.

एका उंच डोंगरावर एक पाठशाळा होती. तिथं लाकडी बाहुल्यांना विचार करायला शिकवत. हसू नका! पांगाऱ्याच्या लाकडाची हातभर बाहुली, पण नीट शिकवली की आपल्या तोंडानं उत्तर देई. सगळी विद्या एका म्हाताऱ्या गुरुमाईंकडे होती.

एका साली खालच्या गावच्या नावाड्याची लेक तिथं शिकायला आली. तिचा धाकटा भाऊ नदीच्या अचानक आलेल्या लोंढ्यात वाहून गेला होता. काठावर बसून ‘आज होडी सोडा’ किंवा ‘सोडू नका’ असं सांगणारी बाहुली घडवायची, एवढा एकच ध्यास तिनं घेतला होता.

पहिल्याच दिवशी गुरुमाईंनी नियम सांगितले. “धूळपाटीभोवती बसून खुशाल वाद घाला. पण उठताना पाटी पुसायची आणि रिकाम्या हातानं आपापल्या झोपडीत जाऊन आपलं काम आपणच करायचं. ज्याची मदत घेतली त्याचं नाव सांगायचं. हे घ्या प्रत्येकी पाच चिंचोके. काम द्यायला एक दिवस उशीर झाला, की एक चिंचोका मला परत. पाचही संपले, की मग सबब चालणार नाही.”

मग त्यांनी शंभर मडकी दाखवली. त्यांत नदीचं शंभर वेगवेगळ्या दिवसांचं पाणी होतं. ज्या पाण्यामागून पूर आला, त्या मडक्याच्या बुडाला काजळाची रेघ होती. सत्तर मडकी शिकवण्यासाठी. उरलेल्या तीस मडक्यांची तोंडं फडक्यानं बांधून ती गुहेत ठेवलेली.

“ती परीक्षेची. त्यांना बोट लावायचं नाही.”

“आणि गुण कसे द्याल?” एकानं विचारलं.

“पन्नास बाहुलीच्या उत्तरांना. पन्नास तुमच्या उत्तराला. बाहुली कुठं चुकते, ते तुम्ही सांगायचं.”

पोरं खुसखुसली. आपल्याच लेकराच्या खोड्या आपणच चव्हाट्यावर मांडायच्या? अजब न्याय!

नावाड्याची लेक कामाला लागली. बाहुलीला एकेक मडकं दाखवायचं, वास द्यायचा, पूर आला की नाही ते सांगायचं. महिना झाला तरी बाहुली ढिम्म. आणि एके सकाळी, सत्तरांतलंच पण मुद्दाम न दाखवता बाजूला ठेवलेलं एक मडकं तिनं पुढं केलं, तर बाहुली म्हणाली, “पूर येईल.”

मुलीनं मडकं उलटून पाहिलं. बुडाला काजळाची रेघ! “अगं बाई!” एवढंच तिच्या तोंडून निघालं. जे कधी दाखवलंच नाही, ते या लाकडाला कळलं कसं? तिच्या अंगावर सरसरून काटा आला आणि डोळे भरून आले. ती किती तरी वेळ बाहुलीसमोर हात जोडून बसली होती.

पण पुढं तापानं पाच दिवस खाल्ले. चिंचोके संपले. परीक्षा उद्यावर आली आणि बाहुली अजून दर चौथ्या मडक्याला चुकत होती. भर दुपारी सगळे जेवून लवंडले, तेव्हा मुलगी गुहेत शिरली. तिनं तीसही फडकी सोडली, बुडाची रेघ बघून बाहुलीला तीसही मडक्यांची उत्तरं पढवली आणि गाठी होत्या तशा बांधल्या.

परीक्षेत तीसपैकी तीस! सगळी पाठशाळा तोंडात बोट घालून बघत राहिली.

गुरुमाईंनी विचारलं, “ही चुकते कुठं?”

“कुठंच नाही, गुरुमाई.”

गुरुमाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. “चुकत नाही असं काही मी अजून पाहिलं नाही, पोरी. आठ दिवस शोध. तोवर हिला खाली नेऊ नकोस.”

पण यशाची हवा डोक्यात गेली होती. तिसऱ्याच दिवशी मुलगी बाहुली घेऊन नदीवर उतरली. होडीत अकरा माणसं बसली होती, दोन तर अंगावर पिणारी. बापानं कौतुकानं बाहुलीसमोर पाण्याची ओंजळ धरली. “सांग गं बाई, जाऊ का?”

“होडी सोडा,” बाहुली म्हणाली.

मुलीची नजर पाण्यावर गेली. लाल पाणी, त्यावर फेस, फेसात सुकी पानं. सत्तर मडक्यांनी तिलाही काही शिकवलं होतं.

“आबा, थांबा! उतरा सगळे! मी लबाडी केली, हिला काही कळत नाही!”

शेवटचं माणूस काठावर चढलं आणि वरून लोंढा आला. रिकामी होडी दोरासकट गेली.

मुलगी डोंगर चढून आली आणि तिनं सगळं सांगितलं.

“तिला मडकी पाठ झाली, नदी कळलीच नाही,” गुरुमाई म्हणाल्या. “आता गुण शून्य. आज खरं बोललीस, म्हणून दार उघडं आहे. नवी मडकी भर.”

ती वर्षभर राबली. पुढच्या परीक्षेत गुरुमाईंनी झाकून ठेवलेल्या नव्या तीस मडक्यांपैकी सव्वीसांना बाहुलीनं बरोबर उत्तर दिलं. आणि चारांपाशी थांबून ती म्हणाली, “मला ठाऊक नाही.”

लाकडाच्या तोंडून असे शब्द आजवर कुणी ऐकले नव्हते.

“पाणी लाल असून फेस नसला, की ती अडखळते,” मुलगी म्हणाली. “त्या दिवशी माणसानंच नदी बघावी.”

गुरुमाई उठल्या आणि त्यांनी सगळ्यांदेखत शिष्येला नमस्कार केला.

ती बाहुली काठावर पुढं कित्येक पिढ्या बसली. ती ‘ठाऊक नाही’ म्हणाली, की नावाडी स्वतः नदी बघत आणि जराही शंका वाटली तर होडी बांधून ठेवत. त्या नदीत पुन्हा कुणाचं लेकरू गेलं नाही.

तात्पर्य: आपण कुठं चुकतो हे ज्याला सांगता येतं, त्याच्याच उत्तरावर भरवसा ठेवावा.